पापणी न हलणारा माणूस

सिनेमातला वाईट माणूस मी त्यानं तोंड उघडायच्या आधीच ओळखते. घरातली पोरं याला माझी खोड म्हणतात. पडद्यावर कुणी दारातून आत आला की मी सांगून मोकळी होते, हा दगा देणार, हा हसवणार, हा मध्यंतरानंतर मरणार. नायक छाती पुढे काढून येतो. हसवणारा आधी मान आत घालतो आणि मग गुडघ्यात वाकत बाकीचा येतो. आणि ज्याचं सगळं अंग स्वस्थ असतं, नुसते डोळे काम करतात, त्याच्यापासून लांब राहावं. पहिल्या दोन-चार माणसांची चाल पाहिली की हा सिनेमा रडवणार की घाबरवणार, तेही कळतं. नातवंडं म्हणतात, आजी, गप्प बस, आम्हाला पाहू दे. मी बसते गप्प. पण याच विद्येपायी लग्नानंतरचे पहिले दिवस मी कसल्या धास्तीत काढले आणि संसार मांडायच्या आधीच मोडायला निघाले होते, हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

ही विद्या मला माझ्या मामानं दिली. आमचं माहेर आरमोरीकडचं, धानाचं गाव. मळणी होऊन धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. मामा नाटकात बाईचं काम करायचा. मिशी काढायची म्हणून मामी दरवर्षी भांडायची आणि दरवर्षी त्याच्या लुगड्याच्या निऱ्याही तीच नीट करून द्यायची. मी लहान असताना तो मला समोर बसवून तालीम करायचा.

"भेव कसं दाखवाचं, पाह्य," तो म्हणायचा. "डोळे मोठे. पंजा तोंडावर. मांगं मांगं जाचं, अन् मंग पाय लटपटला पाह्यजे. गॅसबत्तीच्या उजेडात सगळ्यात मांगं बसलेल्या म्हातारीले दिसलं पाह्यजे का ही बाई भेली."

"अन् खुनी माणसाचं?"

"त्यानं काईच कराचं नाई. पापणी हालवाची नाई. लोक आपोआप भेतात."

मी ते मनात पक्कं धरून ठेवलं. गावाला तंबूतला सिनेमा आला तेव्हा त्यातली हिंदी कुणाला धड कळत नव्हती, पण अडलं कुणाचंच नाही. मामाचं शास्त्र तिथेही लागू पडत होतं. जो थंड उभा राहायचा तोच शेवटी सुरा काढायचा.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागे माझं लग्न ठरलं. मुलगा आष्टीच्या पलीकडे, अहेरीच्या वाटेवरच्या जंगलातल्या गावचा. वडील कां-कू करत होते, कारण त्या बाजूला पोरगी द्यायची म्हणजे वाघाच्या तोंडाशी द्यायची. पण मध्यस्थानं एक गोष्ट सांगितली आणि आमचं घर पाघळलं. मुलगा सिनेमात होता. आदल्या हिवाळ्यात कुठलीशी सिनेमाची कंपनी त्यांच्या गावाजवळच्या डाकबंगल्यात उतरली होती. येताना पिंजऱ्यातून सर्कशीतला वाघ घेऊन आली होती. गावातली पोरं तिनं गवत कापायला, सामान वाहायला कामावर घेतली, आणि त्यांतून या मुलाला मशीनपुढे उभं केलं. त्याचं काम काय होतं, असं वडिलांनी विचारलं तर मुलगा म्हणाला, "उभं राह्य म्हणलं, उभा राह्यलो." आम्हाला तो त्याचा विनय वाटला.

माघात लग्न झालं. आमच्याकडे नवऱ्याला अहोजाहो करतात, मीही जन्मभर केलं. पण इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे, कारण तेव्हा तो मला अगदी परका माणूस होता. वडीलधाऱ्यांसमोर नव्या नवराबायकोनं बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. घरात सासू, सासरा, जाऊ, भासरे म्हणजे थोरले दीर, आणि त्यांची पोरं. वडीलधारं कुणी समोर नाही, असा क्षणच मिळायचा नाही. रात्रीही मधल्या कुडापलीकडे सगळे असायचे, तो कूस बदलून निजायचा. पण रोज सकाळी मी ओसरी झाडायला घेतली की खांबाशी पानाच्या द्रोणात पिकली बोरं ठेवलेली असायची. कोण ठेवतं हे मी विचारलं नाही. बोरं खाल्ली आणि बिया तुळशीमागे टाकल्या. मला बरं वाटत होतं.

मग शिवरात्र आली. आम्ही सगळे खासर, म्हणजे आमची बैलगाडी, जोडून मार्कंड्याच्या जत्रेला निघालो. वाटेत मुक्काम करत, झाडाखाली भाकरी थापत गेलो. वैनगंगेत आंघोळ झाली, दर्शन झालं, आणि जाऊबाईनं बातमी आणली की जत्रेत तंबू लागलाय आणि त्यात वाघाचा सिनेमा आहे. आपलाच सिनेमा. भासऱ्यांनी जाऊन बाहेरचं रंगवलेलं चित्र पाहिलं, तिथल्या माणसाला चार प्रश्न विचारले आणि परत येऊन सांगितलं, "थोच हाय." सासूनं माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी पदर नीट केला आणि नवं लुगडं काढलं. मी सिनेमातल्या माणसाची बायको होते.

दिवस बुडताच पहिला खेळ सुरू झाला. तंबूत खाली वाळू, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये, मध्ये ताणलेला दोर. घरातली मंडळी अशी बसली की दोराच्या अलीकडे मी आले आणि पलीकडे तो. आमच्या पुढे जंगलातल्या गावांतली गोंड माणसं बसली होती, मागे जत्रेतले दुकानदार. अंधार झाला आणि दोराखालून एक फुटाण्यांचा पुडा हळूच माझ्याकडे सरकला. मी दोन फुटाणे घेतले. पुडा तिथेच राहिला, अर्धा त्याच्या बाजूला, अर्धा माझ्या. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी केलेली ती पहिली गोष्ट होती, आणि माझं सिनेमाकडे लक्षच नव्हतं.

सिनेमा साधा होता. शहरातली एक बाई जंगलात येते. गावात एक जहागीरदार असतो, त्याच्या मनात पाप असतं. बाई एकटी गवतातून चालली आहे. मग वाघ दिसला, गवत बाजूला सारत येणारा. बाईनं मागे पाहिलं, डोळे मोठे केले, पंजा तोंडावर नेला, अगदी मामासारखा. आणि मग पडद्यावर माझा नवरा आला.

नुसतं तोंड. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीएवढं. डोळे समोर लागलेले. ओठ मिटलेले. कपाळावर एक आठी नाही. मागून वाजंत्र्याचा एकच जाड सूर चालला होता. पुन्हा बाई दिसली, ती पडली, हात पुढे करून ओरडत होती. पुन्हा नवऱ्याचं तोंड. तो पाहत होता. पुन्हा वाघ. पुन्हा नवरा. बाई मरत होती आणि हा माणूस पापणी न हलवता पाहत होता.

तंबूत शिव्या सुरू झाल्या. मागचा एक दुकानदार म्हणाला, "अरे कसा माणूस आहे हा, दगड." बायांनी बोटं मोडली. कुणीतरी वाळू उचलून पडद्याकडे फेकली. मी मान वळवून दोरापलीकडे पाहिलं. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि त्याचं तोंड तसंच होतं. डोळे समोर, ओठ मिटलेले, पापणी हलत नव्हती. पडद्यावरचा माणूस आणि माझ्याशेजारचा माणूस यांत मला काही फरक दिसेना. मी पदर आवरला आणि जाऊबाईच्या अंगाला चिकटून बसले. फुटाण्यांचा पुडा दोराखाली तसाच पडून राहिला.

तंबूबाहेर जाऊबाई हसत होती. "आमचे भाऊजी तं पक्के बदमाश निघाले व. सांभाळून राह्य बाई तू." भासरेही हसले. सासू मात्र हसली नाही. मुलगा सिनेमात गेला तो असा, हे तिला सोसलं नसावं. तो बैलांना चारा घालत उभा होता. त्याच्याकडे पाठ करून मी खासरेत चढले.

हसण्यासारखं आहे, मला कळतं. सिनेमा खोटा असतो हे तेव्हाही मला ठाऊक होतं. मामा नाटकात रोज मरायचा आणि सकाळी उठून चहा मागायचा. पण मामा नट होता. हा माणूस नट नव्हता, त्याला काही दाखवता येत नव्हतं, मग त्याच्या तोंडावर जे आलं ते त्याचं स्वतःचंच असणार. असा हिशोब मी केला आणि तो मला बिनचूक वाटला.

घरी आल्यावर मला हे सगळीकडे दिसायला लागलं. सासऱ्यांचा एक खेळ होता. ते नातवंडांना घेऊन गावाबाहेर पळसाच्या झुडपांत जायचे, स्वतः लपायचे आणि पोरं बोलत-खेळत असताना एकदम डरकाळी फोडून अंगावर यायचे. जे पोर ओरडलं किंवा पळालं त्याला टपली. जे तोंड न हलवता जागच्या जागी उभं राहिलं त्याला गुळाचा खडा. चार वर्षांची पुतणीसुद्धा गूळ मिळवायची. मी पाणी घेऊन येताना तो खेळ एकदा पाहिला. म्हातारा डरकाळ्या फोडत होता आणि चिमुरडी पोरगी त्याच्याकडे बघत खांबासारखी उभी होती. मला वाटलं, या घरात माणसाला लहानपणापासूनच असं दगड करतात.

आणि संध्याकाळ. संध्याकाळी तो रानातून यायचा, खांद्यावरची कुऱ्हाड उतरवायचा नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबायचा. मी चुलीपुढे. तो काही बोलायचा नाही. मी वर पाहिलं की तेच तोंड. तंबूतलं. मी पुन्हा चुलीत पाहायची आणि पाठीला त्याची नजर कळत राहायची. मग तो निघून जायचा. एकदा माझ्या हातून भाताचं गंज निसटलं आणि सासू म्हणाली, "काऊन व, हातात जीव नाई का?" जीव होता, तोच जाईल म्हणून तर मी घाबरत होते. कुणाला सांगणार? तुमचा मुलगा सिनेमात खुनी दिसतो, म्हणून मला त्याचं भय वाटतं, असं सासूला सांगायचं? त्यानं मला कधी बोट लावलं नव्हतं. मी उशाखाली विळा ठेवून निजायला लागले. खांबाशी बोरं अजूनही असायची, पण मी ती गायीला घालायची. त्यात काय असेल कुणी सांगावं.

पाडव्याला भाऊ मला न्यायला येणार होता. पहिला पाडवा माहेरी. मी मनाशी ठरवून टाकलं की जायचं आणि परत यायचं नाही. आईच्या पायाशी बसायचं, मारा म्हणावं, कापा म्हणावं, पण त्या दारात मला पुन्हा उभं करू नका. हे ठरलं तेव्हा मला थोडी झोप लागायला लागली. तेवढा पाडव्यापर्यंत जीव वाचवायचा होता.

होळी झाली आणि मोह गळायला लागला. मोहफुलांचे दिवस म्हणजे घरदार रिकामं, सगळे जंगलात. प्रत्येक घराची आपापली झाडं असतात, खालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली असते, आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली हजर व्हावं लागतं, नाहीतर फुलं जनावरं खातात. मी रोज जाऊबाईबरोबर जायची. पाडवा अगदी तोंडावर आला होता आणि एका पहाटे जाऊबाईचं पोर तापलं. सासू म्हणाली, "तू जाय त्याच्यासंगं."

मी म्हटलं, माझंही डोकं दुखतंय.

"फुलं वेचता वेचता राह्यते डोकं," सासू म्हणाली.

तो पुढे, मी मागे. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. वाट अंधुक दिसत होती. तो मध्येच थांबला की मीही थांबायची, पुरेसं अंतर ठेवून. घर मागे पडलं, गाव मागे पडलं. गावात ओरडलं तर कुणी तरी येईल, इथे कोण येणार, एवढंच डोक्यात चाललं होतं. झाडापाशी पोचलो. खाली पिवळट फुलांचा सडा आणि तो गोड, जड वास. मी त्याच्याकडे तोंड करून वेचायला बसले, पाठ करायची माझी हिंमत नव्हती. तो झाडाच्या पलीकडे वेचत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. उजाडलं. माझी टोपली भरत आली आणि मला वाटलं, झालं, आता घरी जायचं.

मी वर पाहिलं तर तो उभा होता. कुऱ्हाड छातीशी धरलेली. तोंड माझ्याकडे. आणि ते तेच तोंड होतं. डोळे लागलेले, ओठ मिटलेले, पापणी स्थिर. मागे वाजंत्र्याचा जाड सूर तेवढा नव्हता. मला वाटलं, आलं. ज्याच्यासाठी विळा ठेवत होते ते आलं, आणि विळा घरी उशाखाली राहिला. मामानं शिकवलेलं काहीच माझ्या अंगाला आठवलं नाही. ना डोळे मोठे झाले, ना पंजा तोंडावर गेला, ना पाय मागे सरले. मी बसल्या जागी थिजले.

ओठ न हलवता तो म्हणाला, "हालू नको."

तेव्हा मला माझ्या मागे आवाज ऐकू आला. कुणीतरी नाकानं जोरात हवा ओढून फुलं खात होतं. मग वास आला, ओल्या केसांचा, आंबूस. अस्वल. पाठीमागे, इतकं जवळ की फुलं चघळल्याचं ऐकू येत होतं. त्या भागात वाघापेक्षा लोक अस्वलाला भितात. ते माणसाचं तोंड फाडतं. आमच्या शेजारच्या गावात तसं तोंड घेऊन जगणारा एक माणूस होता, त्याला पाहिलं की बाया पदर ओढायच्या.

मला मागे पाहता येत नव्हतं. पळता येत नव्हतं. एकच जागा पाहायला उरली होती, ती म्हणजे नवऱ्याचं तोंड, म्हणून मी त्याच्याकडे पाहत राहिले. लग्नानंतर इतका वेळ मी त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. घामाचा एक थेंब त्याच्या कपाळावरून उतरला आणि सरळ डोळ्यात गेला. डोळा लाल झाला, पाणी भरलं, पण पापणी हलली नाही. मग मी थोडं खाली पाहिलं. त्याच्या गळ्याची शीर उडत होती. बेडकाच्या गळ्यासारखी, थाडथाड, जणू आता कातडी फुटेल. आणखी खाली, कुऱ्हाडीच्या दांड्यावर त्याचे हात होते आणि ते थरथरत होते. दांडा त्याच्या छातीच्या बटणावर टकटक वाजत होता. तंबूतल्या पडद्यावर मशीननं नुसतं तोंड घेतलं होतं. गळा आणि हात कापले गेले होते.

अस्वल आपल्या वेळेनं गेलं. आधी फुंकारण्याचा आवाज लांब झाला, मग पाचोळ्याचा. तरी तो हलला नाही, आणि मीही नाही. पुष्कळ वेळानं त्यानं कुऱ्हाड खाली टाकली, झाडाला धरून खाली बसला आणि ओकला. दात वाजत होते. कुडकुडणाऱ्या पोरासारखा तो गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. मी टोपली बाजूला ठेवली आणि त्याच्याजवळ गेले, पण फार जवळ नाही.

"भेव वाटलं?" मी विचारलं. त्याला उद्देशून मी बोललेला तो पहिला शब्द.

त्यानं नुसती मान डोलावली.

"मंग तोंडावर काऊन नाई दिसलं?"

"दिसू द्याचं नाई ना," तो म्हणाला. "तोंड हाललं, पापणी हालली, का जनावर अंगावर येते. आबानं शिकवलं लहानपणी, आता पोरायले शिकवते तसंच. आता भेव वाटलं का तोंड आपोआपच बंद होते. माह्या हातात नाई राह्यत."

मग जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं. "थ्या सिनेमातल्या बाईले काऊन नाई वाचवलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या बाईले? तिथी बाई नव्हतीच. मी त्या बाईले तंबूतच पाह्यली, तुह्यासंगं." मग हळूहळू, तुटक तुटक, त्यानं सांगितलं. कंपनीचे लोक त्याला आधी भ्यायला सांगत होते. तोंड उघड, डोळे फाड, हात वर कर. त्याला जमेना, तो दगडासारखाच राहिला आणि सगळे त्याला हसले. मग त्या दिवशी वाघ पिंजऱ्याबाहेर काढलेला असताना वाघवाल्याच्या हातातून दोर निसटला. सगळे पळाले. हा वाघाच्या समोर होता, पळायची सोय नव्हती, म्हणून उभा राहिला. मशीन तेवढं चालू होतं. "थेच त्यायनं दाखवलं," तो म्हणाला. "माह्यं भेवच हाय थे. मले का मालूम, थे त्या बाईच्या मरनाले जोडतीन म्हणून. मी तंबूत पाह्यलं अन् मले असं झालं का आता हे सगळे लोक, घरचे लोक, तू..."

वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे सिनेमात एकापुढे एक चिकटवतात, आणि मधल्या तोंडाचा अर्थ आजूबाजूच्या तुकड्यांवरून लोक आपल्या मनानं लावतात, हे मला फार वर्षांनी एका शिकलेल्या भाच्यानं समजावून सांगितलं. मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे.

पण त्या सकाळी माझ्या मनात आणखी एक गोष्ट अडकली होती. मी विचारलं, "अन् रोज संध्याकाळी? दारात उभे राहता तवा? तवाई थेच तोंड राह्यते तुमचं. तिथी कोणतं जनावर हाय?"

तो जमिनीकडे पाहत राहिला. मोहाचं एक फूल उचललं, चिरडलं, टाकलं.

"तवाई भेवच वाटते," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"तुहं." त्यानं वर पाहिलं नाही. "तंबूत फुटाणे ठेवून देले तू. बोरं गाईले घालते. उशीखाली विळा ठेवते, मले मालूम हाय. मी रोज ठरवून येतो का आज दोन शब्द बोलीन, थ्या सिनेमाचं सांगीन. दारात येतो, तू माह्याकडं पाह्यते, अन् मंग तोंड बंद होते. पाडव्याले जाशीन अन् येशीन नाई, हेच वाटत राह्यते."

एवढे दिवस मी ज्या तोंडाला भिऊन चुलीत पाहत होते, ते तोंड मलाच भिऊन तसं झालं होतं. दारातल्या दारात आम्ही दोघं एकमेकांपुढे जीव मुठीत धरून उभे होतो. मी रडले. त्याला वाटलं अस्वलाच्या भीतीनं रडते, म्हणून तो म्हणाला, "गेलं थे, गेलं." मी म्हटलं, हो, गेलं. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेली फुलं भरली. घरी जाताना मी त्याच्या मागे अंतर ठेवलं नाही.

पाडव्याला घरी पोचायच्या बेतानं भाऊ आला. सासूनं त्याला गोडधोड जेवू घातलं, माझी ओटी भरली. खासर दारात जोडून उभी होती. मी सगळ्यांच्या पाया पडले आणि चढले. वडीलधारे समोर होते, त्यामुळे तो काही बोलणार नव्हता, मीही नाही. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, हात पाठीमागे घेऊन. भावानं बैल हाकले. थोडं पुढे गेल्यावर भावानं मागे वळून पाहिलं आणि चिडून म्हणाला, "काय माणूस हाय व हा. बायको माहेरी जाऊन राह्यली अन् याच्या तोंडावर काईच नाई. दगडाच्या घरी देलं तुले."

मीही वळून पाहिलं. डोळे आमच्या खासरेवर लागलेले, ओठ मिटलेले, आणि एवढ्या लांबूनही कळत होतं की पापणी हलत नाही. भाऊ आरमोरीकडचा, नाटकं पाहून वाढलेला. त्याला कितीही समजावलं असतं तरी त्या तोंडात काय आहे हे त्याला दिसलं नसतं. मला त्याच्या पाठीमागचे हातसुद्धा दिसत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "पाडवा झाला का दुसऱ्याच दिवशी मले परत पोचवून दे."

"काऊन? पंधरा दिवस राह्यशीन म्हणून आईनं सांगतलं."

"नाई," मी म्हटलं. "थो फार भेला हाय."